पाहुण्याचाहि एक धर्म आहे

अतिथीला देव मानावें, ही आज्ञा उपनिषदानें यजमानास केली. परंतु अतिथीनें स्वतः कसें वागावें, हा प्रश्न आपल्या घरांतून क्वचितच निघतो. या प्रश्नाचें उत्तर शिकविणारी शाळा नर्मदेच्या तीरावर आहे, असें आमचें मत झालें आहे.

अमरकंटकापासून भडोचजवळील सागरसंगमापर्यंत ही नदी १३१२ किलोमीटर वाहते. तिला उजव्या हातीं ठेवून, पात्र कोठेंहि न ओलांडतां एका तीरानें जावयाचें, मुखाशीं नावेंतून पलीकडे उतरावयाचें व दुसऱ्या तीरानें परतावयाचें, ही परिक्रमा होय. चातुर्मासांत एके ठिकाणीं मुक्काम करून, सर्व नियम पाळून चालल्यास तिला ३ वर्षें, ३ महिने व १३ दिवस लागतात, अशी जुनी गणना आहे. एवढ्या काळाची शिदोरी पाठीवर कोण नेणार? तो भार तीरावरील गांवांनीं आपल्या शिरावर घेतला. आश्रमांतून सदावर्त मिळतें. जेथें आश्रम नाहीं, तेथें एखाद्या शेतकऱ्याची ओसरी असते.

सेवानिवृत्तीनंतर आम्हीं एका स्नेह्यासह निमाडांतील कांहीं वाट पायीं चाललों. सायंकाळीं गांवांत शिरून ‘नर्मदे हर’ म्हटलें कीं आंतून प्रश्न येई, “बाबाजी, कितनी मूर्ति?” माणसें मोजतांना त्यांस ‘मूर्ति’ म्हणावें, ही तिकडची रीति. जात व हुद्दा कोणी विचारीत नसे. एके रात्रीं एका नावाड्याकडे उतरलों. घरांत खाट एकच. ती आमच्यासाठीं अंगणांत आली. सकाळीं आमच्या स्नेह्यांनीं कांहीं पैसे पुढें केले, तेव्हां गृहिणीनें हात जोडून म्हटलें, “देनेवाली मैया है.” दात्यानें दातेपण नदीच्या पदरीं घातलें, म्हणजे घेणाऱ्याची मानहि खालीं होत नाहीं.

पूर्वीं अनेक यात्रेकरू पीठ, डाळ व मीठ असा कोरडा शिधा घेऊन स्वहस्तें रांधीत. त्यांत सोय होती, तसें सोंवळेंहि होतें. ज्याच्या अंगणांत निजावें त्याच्या चुलीस मात्र दूर ठेवावें, हें आम्हांस आज शोभणारें नाहीं. शूलपाणीच्या झाडींत भिल्ल लोक वाटसरूंस अंगावरील वस्त्रांसह लुटीत, अशा कथा आपण ऐकत आलों. त्याच डोंगरांत आज आदिवासी घरें पांथस्थांस भाकरी वाढतात. ती भाकरी आनंदानें खाणें, हा पाहुण्याचा पहिला धर्म.

दुसरा धर्म यजमानाचें दुःख जाणण्याचा. सरदार सरोवराच्या जलाशयांत शूलपाणेश्वराचें जुनें देऊळ बुडालें. आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतील तीरावरचीं गांवेंहि बुडालीं. २०१९ सालीं धरण १३८.६८ मीटरपर्यंत प्रथमच पूर्ण भरलें, तेव्हां निमाडांतील चिखलदा व निसरपूर येथें पाणी शिरलें. ज्यांनीं परक्यांस छप्पर दिलें, त्यांतील कित्येकांचेंच छप्पर गेलें. अशा तीरावर आतां मोटारींतून व बसमधूनहि यात्रेकरू येतात. त्यांनीं अवेळीं दार ठोठावूं नये, अमुकच पदार्थ हवा असा हट्ट धरूं नये, आपलें ताट आपण घासावें आणि जवळ धान्य असल्यास गृहिणीच्या डब्यांत मुकाट्यानें घालावें.

परंतु एवढ्यानें ऋण फिटत नाहीं. तें तेथें फिटावयाचेंच नसतें. तें आपल्या उंबरठ्यावर फेडावें लागतें. त्याच सातपुड्यांतील मुलें शिक्षणासाठीं नाशिक-पुण्यास येतात आणि राहावयास खोली शोधतात. नावाड्याच्या घरीं आम्हांस ‘किती मूर्ति’ एवढेंच विचारलें गेलें. आपल्याकडे खोली मागणाऱ्यास प्रथम आडनांव विचारतात. परिक्रमेहून आलेल्या प्रत्येक कुटुंबानें हा एक प्रश्न बदलला, तरी पाहुणचार घेतल्याचें सार्थक होईल.