स्मृतीचे मोजमाप आणि अपस्मार

अपस्माराच्या पुष्कळ रुग्णांची स्मृती मंदावते. परंतु स्मृती ही एकच शक्ती आहे, की अनेक शक्तींना मिळून आपण हे एक नाव दिले आहे?

१९४५ साली अमेरिकेत डेव्हिड वेक्सलर यांनी एक स्मृतिकसोटी प्रसिद्ध केली. ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगणे, शब्दांच्या जोड्या लक्षात ठेवणे, पाहिलेली आकृती आठवून काढणे अशा सात चाचण्या तीत होत्या. सर्वांचे गुण मिळवून एकच ‘स्मृत्यंक’ काढला जाई. सर्वसामान्य माणसाचा स्मृत्यंक सरासरीने १०० धरलेला असे.

हा एक आकडा किती अपुरा आहे, ते हेन्री मोलेसन या रुग्णाच्या उदाहरणावरून ध्यानात येते. अपस्माराचे झटके आवरावेत म्हणून १९५३ साली हार्टफर्ड येथे त्याच्या मेंदूच्या दोन्ही शंखखंडांचा, म्हणजे कानशिलांमागील भागांचा, आतील अंश काढण्यात आला. झटके कमी झाले. पण नवी घटना त्याच्या मनात टिकेनाशी झाली. १९५५ साली त्याचा बुद्ध्यंक ११२ भरला, स्मृत्यंक केवळ ६७. तथापि थोडे आकडे ऐकून लगेच म्हणून दाखविणे त्याला जमत असे. आरशात पाहून आकृती गिरविण्याचे कौशल्यही तो दिवसेंदिवस शिकत गेला. मात्र आदल्या दिवशी आपण ते केले होते, हे त्याला आठवत नसे. ६७ या आकड्यातून यांपैकी काहीच कळत नाही.

म्हणून संशोधक गुणांची बेरीज न करता त्यांची रचना पाहू लागले. ज्या चाचण्यांचे गुण अनेक रुग्णांत एकत्र चढतात व उतरतात, त्यांच्यामागे एखादा समान घटक असावा, असे अनुमान केले जाते. या गणिती पद्धतीस घटक-विश्लेषण म्हणतात. वेक्सलर यांच्या कसोटीच्या १९८७ च्या आवृत्तीत शब्दस्मृती, दृश्यस्मृती आणि अवधान यांचे अंक वेगळे दिले गेले.

बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्धात असते. त्यामुळे डाव्या शंखखंडात विकार असल्यास शब्दस्मृती अधिक खालावते. उजव्या बाजूचा दृश्यस्मृतीशी असलेला संबंध मात्र इतका स्पष्ट आढळत नाही.

हा भेद केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. दोन रुग्णांची बेरीज सारखीच असेल. पण ज्याची शब्दस्मृती शाबूत आहे, त्याला डाव्या बाजूच्या शस्त्रक्रियेने गमवावे लागण्याचा धोका अधिक असतो. शस्त्रक्रियेस संमती देण्यापूर्वी त्याला आपली बेरीज नव्हे, तर तिच्या पोटातील हे निरनिराळे गुण ठाऊक असले पाहिजेत.