तणशीतला हायड्रोजन

सिंदेवाहीकडे धानाची मळणी आटोपली की घरामागे तणशीचे ढीग उभे राहतात. पुढचं वर्षभर गुरांची भिस्त त्यांच्यावर. या तणशीतून बस चालवायचं इंधन निघतं असं इथल्या कुणाला सांगितलं, तर तो आधी विचारेल, ‘मग बैलानं काय खावं?’ हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. शिवाय तणशीतून हायड्रोजन काढण्याची विद्या मुळात बैलाच्याच पोटातली आहे.

बैल तणस स्वतः पचवत नाही, त्याच्या कोटीपोटातले जंतू पचवतात. तिथे हवा नसते. जंतू काडीतलं सेल्युलोज फोडतात, त्यातून आम्लं तयार होतात आणि हायड्रोजनही. पण तो बाहेर येत नाही. शेजारचे दुसऱ्या जातीचे जंतू तो लगेच उचलतात, कार्बन डायऑक्साइडशी जोडून त्याचा मिथेन करतात आणि बैल तो ढेकरेवाटे सोडून देतो. गोबरगॅसच्या टाकीतही हेच चालतं. हायड्रोजन हवा असेल, तर या दोन जमातींच्या चुली वेगळ्या करायला हव्यात.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नेमकं ते केलं. संस्थेचा पत्ता आहे गोपाळ गणेश आगरकर रस्ता, त्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. हे आघारकर वेगळे. मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या नावाने सुरू झालेल्या संस्थेला १९९२ मध्ये त्यांचं नाव मिळालं. शेतकऱ्यांना ती ठाऊक असते गहू आणि सोयाबीनच्या वाणांमुळे. तिथल्या डॉ. प्रशांत ढाकेफळकर आणि सहकाऱ्यांनी केपीआयटी टेक्नॉलॉजीज या पुण्यातल्याच कंपनीबरोबर जंतूंचा असा समूह तयार केला, की धान, गहू किंवा मक्याचं काड त्याच्यापुढे तसंच टाकता येतं. एरवी काड आधी आम्लात, वाफेत किंवा महागड्या विकरांत भिजवून मऊ करावं लागतं, आणि खर्च तिथेच वाढतो. इथे पहिल्या टप्प्यात हायड्रोजन निघतो, दुसऱ्यात मिथेन. नेहमीच्या पद्धतीपेक्षा ही २५ टक्के अधिक कार्यक्षम असल्याचं संस्था सांगते.

दुसरा टप्पा हौसेचा नाही. ग्लुकोजच्या एका रेणूतून हिशेबाने हायड्रोजनचे १२ रेणू निघायला हवेत. जंतूंच्या या आंबवणीत फार तर ४ हाती लागतात. बाकीचा ऐवज आम्लांत अडकतो. तो सोडवायला मिथेनवाले जंतू पुन्हा बोलवावे लागतात, आणि त्या मिथेनपासून हवा तर आणखी हायड्रोजन करता येतो.

जगातला बहुतेक हायड्रोजन मात्र नैसर्गिक वायूवर वाफ सोडून आणि कोळशापासून बनतो. वायूपासून एक किलो हायड्रोजन करताना ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सरकारचा भर आहे पाण्यात वीज सोडून ते फोडण्यावर. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनसाठी १९,७४४ कोटी रुपये ठेवले गेले. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपलं धोरण आणलं. एका किलोला पाणी लागतं ९ लिटर आणि वीज ५० युनिटांच्या वर. ही वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असेल तर उत्तम. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राच्या कोळशाची असेल, तर प्रत्येक युनिटमागे किलोभर कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे एका किलोला पन्नास किलो. नैसर्गिक वायूच्या पाचपट. असला हायड्रोजन न केलेलाच बरा.

मला आपल्या भागासाठी तिसरी वाट जास्त जवळची वाटते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. एस. दासप्पा आणि त्यांच्या चमूने जैवभार ऑक्सिजन आणि वाफेबरोबर तापवून त्याचा वायू करणारी भट्टी उभी केली आहे. एक किलो जैवभारात हायड्रोजन असतो ६० ग्रॅम, पण भट्टीतून निघतो १००. वरचे ४० ग्रॅम वाफेतले. इथे बैलाच्या तोंडचा घास काढायची गरज नाही. धान भरडलं की क्विंटलमागे वीसेक किलो तूस निघतं, आणि ते आधीच राईस मिलच्या दारात गोळा झालेलं असतं. तणस बांधीबांधीतून वेचा, बांधा, ट्रॉलीत भरा. ट्रॉली डोंगराएवढी दिसते, वजनाला हलकी. तुसाला ही यातायात नाही.

पाच क्विंटल धानाचं एक क्विंटल तूस. बंगळूरचा आकडा तसाच लावला तर १० किलो हायड्रोजन. फ्युएल सेलवरची बस तेवढ्यात शंभरेक किलोमीटर जाते. सिंदेवाहीहून मूलमार्गे चंद्रपूर गाठून थोडा शिल्लक उरेल. प्रत्यक्षात कमीच निघेल, कारण तुसात राख फार, आणि राखेत जवळजवळ सगळा सिलिका. जास्त तापली की ती चिकटून भट्टीत ढेकळं धरते. बसचं म्हणाल, तर केपीआयटी आणि सीएसआयआरने मिळून बनवलेली बस पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्येच लोकांपुढे आली.

तणशीचा प्रश्नही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. हार्वेस्टर धान घेऊन निघून जातो, काड बांधीत पसरलेलं राहतं, आणि ज्याच्या गोठ्यात जनावर उरलं नाही तो त्याला काडी लावतो. सिंदेवाहीत डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे, धानाचे वाण काढणारं. आघारकरांच्या जंतूंना इथल्या वाणांची काडी एकदा चाखायला द्यायला हरकत नाही.