केबलची साक्ष

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल आणि टॅबलेट यांना, व २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपांनाही, सी-टाइप चार्जिंगची जी सक्ती केली आहे, तिचे वृत्त वाचून यापुढे कोणताही चार्जर कोणत्याही यंत्राला निर्धास्तपणे लावावा, असा निष्कर्ष काढणे स्वाभाविक असले, तरी तो अर्धाच खरा आहे. भारतीय मानक ब्युरोनेही जानेवारी २०२३ मध्ये याच धर्तीचे मानक प्रसिद्ध केले. परंतु पिनेचा आकार एक झाल्याने तिच्यातून वाहणाऱ्या विजेचा करार एक होत नाही, आणि सारे मर्म त्या करारात आहे.

भिंतीतल्या अडॅप्टरवर '१०० ते २४० व्होल्ट' असे नमूद असते. रब्बीच्या दिवसांत शेतपंप एकदम सुरू होऊन चाकूर तालुक्यातल्या एखाद्या गावी व्होल्टेज इतके उतरते की पंखा जेमतेम फिरतो, तरीही मोबाइल मात्र बिनतक्रार चार्ज होत राहतो, याचे कारण हेच. सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे आतले मंडल बाहेर ५ व्होल्टच सोडते.

सी-टाइप ज्यातून आले, तो यूएसबीचा सारा पसारा मुळात विजेसाठी नव्हताच. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट आणि इंटेल कंपनीतील त्यांचे सहकारी यांच्या परिश्रमांतून १९९६ मध्ये यूएसबी अवतरले, ते कीबोर्ड, माउस, प्रिंटर संगणकाला सुलभतेने जोडता यावेत म्हणून. पुढे दीर्घकाळ त्यातून मिळणारी वीज ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट एवढीच होती. मोठ्या पडद्याच्या फोनांची भूक वाढली, तेव्हा अधिक वीज मागण्याची आणि देण्याची रीत ठरवावी लागली.

सी-टाइपमध्ये ती रीत एका स्वतंत्र तारेवर सोपवलेली आहे. फोनच्या बाजूला ५.१ किलोओहमचा रोध असतो. पुरवठ्याच्या बाजूला असलेल्या रोधाच्या मूल्यावरून फोनला समजते, की समोरून साधा प्रवाह मिळेल, दीड अँपिअर मिळेल, की तीन. आडतीवर भाव ठरल्यावाचून जसे सोयाबीनचे माप होत नाही, तसा या तारेवर निवाडा झाल्यावाचून सी-टाइपचा अडॅप्टर वीज सोडतच नाही. प्रवाह किती घ्यायचा हे फोन ठरवतो. म्हणून मोठ्या वॉटचा प्रामाणिक अडॅप्टर लहान फोनला अपाय करीत नाही.

प्रश्न येतो तो अप्रामाणिक केबलचा. जुन्या चपट्या पिनेपासून सी-टाइपकडे जाणाऱ्या केबलमध्ये पुरवठ्याच्या बाजूचा हा रोध केबलच्याच टोकात बसवलेला असतो आणि तो ५६ किलोओहमचाच असावा लागतो. तेथे १० किलोओहमचा बसवला, की केबल फोनला तीन अँपिअरची खोटी ग्वाही देते, आणि फोन त्या ग्वाहीवर विसंबून दुबळ्या पुरवठ्यातून झेपणार नाही इतकी वीज ओढू लागतो. गूगलमधील अभियंता बेन्सन लिउंग यांनी २०१५ च्या अखेरीस बाजारातल्या अशा केबली स्वतः विकत घेऊन, एकेक तपासून, त्यांचे दोष जाहीर करण्याचा उपक्रम आरंभिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका केबलमध्ये धन आणि ऋण तारांचीच अदलाबदल झालेली निघाली. तिने त्यांचा लॅपटॉप आणि तपासणीची दोन उपकरणे निकामी केली. कोणी हुकूम केला नसताना, ग्राहकांच्या हितासाठी पदरमोड करून चालवलेला हा उद्योग मला कोणत्याही सरकारी फर्मानाहून अधिक मोलाचा वाटतो.

आजचे वेगवान चार्जर सी-टाइपच्या त्याच स्वतंत्र तारेवर आकडेवारीची देवघेव करून ९, १५ वा २० व्होल्टपर्यंत चढतात, कारण व्होल्ट वाढवून प्रवाह कमी ठेवला की तार कमी तापते. बॅटरी ४.२ व्होल्टच्या आसपास आली, की फोन स्वतःच प्रवाह उतरवीत नेतो. शेवटचे काही टक्के रेंगाळतात ते त्यामुळे. मे महिन्यात पत्र्याच्या घरात ठेवलेला फोनही बॅटरी जपण्याकरिता चार्जिंग मंद करतो.

अडॅप्टर घेताना आपण निदान मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर'ने आरंभणारा नोंदणी क्रमांक पाहू शकतो. केबलवरही तिची क्षमता किती अँपिअरची, हे ठळक छापण्याची आणि तपासणीची सक्ती शासनाने विनाविलंब करावी. तोवर तीन अँपिअरहून अधिक प्रवाहाची केबल घेताना, आपली क्षमता कळवणारी चिप तिच्यात आहे काय, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे.