आज्ञावलीचा मुक्काम कोणी ठरवावा?

मूळ संहितेपासून एखादी आज्ञावली बांधून घेताना अखेरची पायरी येते ती स्थापनेची; आणि सिद्ध झालेल्या फायली यंत्राच्या कोणत्या निर्देशिकेत ठेवावयाच्या, हा वरकरणी किरकोळ भासणारा प्रश्न वस्तुतः मुखत्यारीचा आहे. आज्ञावली लिहिणारा एक, वापरणारा दुसरा आणि यंत्राचा कारभार पाहणारा बहुधा तिसराच असताना, पहिल्याने उरलेल्या दोघांची व्यवस्था परस्पर ठरवून टाकावी, हे मला न्याय्य वाटत नाही.

युनिक्सच्या परंपरेत या प्रश्नाचा निकाल ग्नू प्रकल्पाच्या नियमांनी मोठ्या समंजसपणे लावला. १९९१ साली सुरू झालेल्या ऑटोकॉन्फ या साधनाने निर्माण केलेल्या ‘कॉन्फिगर’ या स्क्रिप्टला ‘प्रीफिक्स’, म्हणजे स्थापनेचा मूळ पत्ता, कळविला, की सारी स्थापना त्या पत्त्याखाली होते. काहीच न कळविल्यास ती ‘/यूएसआर/लोकल’मध्ये, म्हणजे स्थानिक व्यवस्थापकासाठी राखून ठेवलेल्या इलाख्यात होते. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’सारख्या सामाईक महासंगणकावर सर्वाधिकार नसलेला संशोधक याच मुभेमुळे, कोणाकडे अर्ज न करता, आपल्या गृहनिर्देशिकेत हवी ती आज्ञावली बसवू शकतो.

याहून सूक्ष्म तजवीज आहे ती ‘डेस्टडिर’ची. पॅकेज बांधणाऱ्याला फायली तूर्त एका तात्पुरत्या निर्देशिकेत उतरवून त्यांचा गठ्ठा करावयाचा असतो. परंतु आज्ञावलीच्या पोटात नोंदलेला पत्ता मात्र अंतिम मुक्कामाचाच हवा असतो. प्रीफिक्स बांधणीच्या वेळीच आत नोंदला जातो. डेस्टडिर केवळ फायली उतरविताना पत्त्याच्या आधी जोडला जातो. हा भेद न जाणता कोणी ‘/टीएमपी/पॅक’ हाच प्रीफिक्स म्हणून दिला, तर ती आज्ञावली परक्या यंत्रावर गेल्यावरही आपली सेटिंग्ज ‘/टीएमपी/पॅक/ईटीसी’मध्येच धुंडाळीत राहते, आणि तेथे तर काहीच नसते.

शिवाय प्रत्येक वितरणाचा दस्तुर निराळा: ६४-बिट इंटेल-एएमडी यंत्रांवरील ग्रंथालये फेडोरा ‘लिब६४’मध्ये ठेवते, तर डेबियन ‘लिब’खाली यंत्रप्रकाराच्या नावाची पोटनिर्देशिका करते. म्हणून एकटा प्रीफिक्स पुरत नाही. ‘बिनडिर’, ‘लिबडिर’, ‘सिसकॉन्फडिर’, म्हणजे अनुक्रमे चालवावयाच्या फायली, ग्रंथालये व सेटिंग्ज यांचे पत्ते, हेही स्वतंत्रपणे बदलता आले पाहिजेत.

तेव्हा आज्ञावली लिहिणाऱ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे: मेकफाइलमध्ये पत्ता कायमचा लिहून टाकू नका, स्थापनेच्या प्रत्येक ओळीत डेस्टडिरला जागा ठेवा, आणि बांधणीसाठी सीमेक हे साधन वापरीत असाल तर त्यातील ‘ग्नूइन्स्टॉलडर्स’ हा तयार विभाग अवश्य जोडून घ्या.