गाडीचा शेवटचा डबा

रेल्वेची लहानशी प्रतिकृती घडविणे हा अनेकांचा आवडता छंद आहे. परंतु ती प्रतिकृती खऱ्या इतिहासाशी जुळावी असे ज्याला वाटते, त्याला गाडीच्या शेवटच्या डब्याचाही अभ्यास करावा लागतो.

अमेरिकेतील कोलोरॅडो या डोंगराळ राज्यात 'डेन्व्हर अँड रिओ ग्रँड' या कंपनीने १८७१ पासून अरुंद रेल्वेमार्ग बांधले. दोन रुळांतील अंतर तीन फूट, म्हणजे ९१४ मिलिमीटर होते. सत्याऐंशी पटींनी लहान प्रतिकृतीत ते अवघे साडेदहा मिलिमीटर भरते.

या मार्गांवरील मालगाडीच्या शेवटी 'कबूस' नावाचा डबा असे. आपल्याकडील गार्डाच्या डब्याचाच तो भाऊबंद होय. गार्ड व ब्रेकवाले त्यात बसत, शेगडीवर अन्न शिजवीत आणि प्रसंगी तेथेच झोपत. छपरावर खिडक्यांची एक छोटी खोली असे. तिच्यातून ते पुढच्या डब्यांवर नजर ठेवीत. एखाद्या चाकाचा आस तापून धूर निघू लागला, की गाडी थांबवून अपघात टाळता येई. हवेच्या दाबाचे ब्रेक येण्यापूर्वी ब्रेकवाल्यांना धावत्या गाडीच्या छपरांवरून जाऊन हातांनी ब्रेक आवळावे लागत. हिवाळ्यात छपरांवर बर्फ साचे. पाय घसरून कित्येकांनी प्राण गमावले.

मग प्रतिकृतीसाठी कोणता कबूस निवडावा? प्रथम मार्ग आणि वर्ष निश्चित करावे. गाडी १९०० सालची असेल, तर डब्यावर कंपनीच्या नावापुढे 'वेस्टर्न' हा शब्द लिहिणे चूक ठरेल. कारण ते नाव १९२१ मध्ये आले. त्यानंतर त्या काळची छायाचित्रे पाहून चाके, खिडक्या व पायऱ्या मोजाव्यात. कृष्णधवल छायाचित्र रंग सांगत नाही; त्यासाठी कंपनीची जुनी कागदपत्रे पाहावीत. संग्रहालयातील डबाही डोळे मिटून प्रमाण मानू नये. दुरुस्तीच्या वेळी त्याचे रूप पालटलेले असू शकते.

१९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बहुतेक मालगाड्यांमागचा कबूस गेला आणि त्याची जागा एका लहान यंत्राने घेतली. आज त्या डब्यातील कष्टाळू माणसांची आठवण अशा प्रतिकृतींतून जिवंत राहते. म्हणूनच ती खरी असली पाहिजे.