पाच शतांश सेकंद आणि पायातली ताकद

पळणाऱ्याला ताकदीचा व्यायाम कशाला, असं अजूनही बरेच जण विचारतात. उत्तर आपल्या मराठवाड्यातच आहे.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. वीटभट्टीवर राबणाऱ्या आईवडिलांचा मुलगा, पुढे फौजेत गेला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक जिंकलं. सुवर्ण हुकलं ते फक्त ०.०५ सेकंदाने!

या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाणउड्या असतात. पाण्याचा खड्डा अडथळ्यापाशी खोल, पुढे उथळ होत जातो. उडी जितकी लांब, तितकं पाणी कमी. उतरताना सगळा भार एका पायावर येतो. तिथे नुसता दम पुरत नाही, मांड्या आणि कंबर भक्कम लागते.

म्हणून आठवड्यातले दोन दिवस ताकदीसाठी ठेवा. बैठका, जोर आणि घरच्या ओट्यावर एकेका पायाने चढ-उतार. पाठ ताठ, गुडघा सरळ रेषेत, घाई अजिबात नको. आधी पद्धत पक्की करा, मग भार वाढवा.

पाच शतांश सेकंदात पापणीही लवत नाही. पण तेवढ्यासाठी वर्षानुवर्षं घाम गाळावा लागतो. उद्या पहाटेच सुरुवात करा!