काळं म्हणजे पाणी?

ऑगस्ट २०१९. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट; पाणी ५७ फुटांवर चढलेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची खूण कधीच मागे टाकलेली. पाणी कुठल्या शिवारापर्यंत पोचलं हे वरून पाहावं, तर आभाळ दाटलेलं. कॅमेऱ्याच्या उपग्रहाला अशा वेळी ढगच दिसतात.

मग कामाला येतो रडार उपग्रह. त्याला सूर्याचा उजेड लागत नाही. तो स्वतःच सूक्ष्मलहरी खाली सोडतो आणि परत येईल तेवढं टिपून घेतो. भारतात घडलेला असा पहिला उपग्रह, रिसॅट-१, २६ एप्रिल २०१२ रोजी झेपावला. त्याचा वारसा आता १,७१० किलो वजनाच्या ईओएस-०४ कडे आहे; १४ फेब्रुवारी २०२२ ला तो कक्षेत गेला. युरोपचा सेंटिनेल-१ याच जातीचा, आणि त्याची चित्रं कुणालाही फुकट मिळतात. या साऱ्यांची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची. ढगातले थेंब तिच्यापुढे इतके बारीक, की ती आरपार जाते.

चित्र काळं-पांढरं येतं. शांत पाण्यावर तिरपी पडलेली लहर आरशावरच्या कवडशासारखी पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे जवळजवळ काहीच परतत नाही. म्हणून पाणी काळं. नांगरट, झाडं, घरं यांच्यावरून ती विखुरते, थोडी परतते. म्हणून ही सारी राखाडी किंवा पांढरी. पुराआधीचं चित्र शेजारी ठेवलं की नव्यानं काळं झालेलं दिसतं. हैदराबादचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र त्यावरून पूरनकाशे करून राज्यांना पाठवतं.

पण काळं म्हणजे पाणीच, असं नाही. विमानतळाची धावपट्टी काळी दिसते, सह्याद्रीच्या कड्यामागे पडणारी रडारची सावलीही काळी. उलट, वारा सुटून लाटा उठल्या की पाणीच उजळतं.

आणि सर्वांत मोठा चकवा उसाचा. कृष्णा-पंचगंगेच्या काठची मळई म्हणजे ऊस. आदल्या वर्षी लावलेला आडसाली ऑगस्टात माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो. साडेपाच सेंटिमीटरची आखूड लहर वरच्या पानांतच गुंतते, बुडख्याशी साचलेल्या पाण्यापर्यंत पोचत नाही. नकाशात ते रान कोरडं दिसतं, आणि खाली मुळं कुजत असतात. भरपाई ज्या नकाशावर ठरू शकते त्यातली ही चूक लहान नाही.

लांब लहर पानं ओलांडून पाण्यावर आपटते, तिथून कांड्यावर उसळून परतते, म्हणून बुडालेलं उभं पीक उलट जास्त उजळ दिसतं. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या भारत-अमेरिकेच्या निसार उपग्रहाची एक लहर २४ सेंटिमीटरची आहे. अँटेना १२ मीटर व्यासाचा. त्याच जागेवर त्याच वाटेनं परत यायला मात्र त्याला १२ दिवस लागतात, आणि पूर तेवढा थांबत नाही.

दुष्काळाचं गणित वेगळं. निरोगी पान लाल उजेड शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त परतवतं. या दोहोंतल्या फरकावरून हिरवाईचा निर्देशांक काढतात. दुष्काळ कसा ठरवायचा हे सांगणाऱ्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनं पाऊस, पेरणी, जमिनीतला ओलावा आणि जलसाठे यांच्या बरोबरीनं तो धरला. त्याच संहितेनुसार ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्रातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले.

इथेही ऊस आडवा येतो. धरणाच्या पाण्यावरचा हिरवागार पट्टा तालुक्याची सरासरी वर ओढतो. पडीक रानातली वेडी बाभूळ तर अवर्षणातही हिरवी. शेजारची करपलेली बाजरी त्या आकड्यात हरवते.

म्हणून संहितेत दहा टक्के गावांत जाऊन पाहणी करणं आहे. वरून दिसलेल्या रानात कृषी खात्याचा माणूस खरंच उभा राहतो. फुलोरा गळालेल्या तुरीच्या ओळीत मोबाइल धरून आधी अक्षांश-रेखांश लागतात का बघतो, आणि मग फोटो काढतो.